नाकबूल : मिसिसिपीचे कर्जरोखे आणि ‘रिप्यूडिएशन’ या शब्दाचा प्रवास

अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याच्या १८९० च्या संविधानात २५८ क्रमांकाचं एक कलम आहे. राज्यानं आपली पत कुणाला उसनी द्यायची नाही, असं त्याच्या सुरुवातीला म्हटलं आहे. तेवढंच असतं तर त्यात नवल नव्हतं. पण पुढे दोन कर्जांची नावंच घेतली आहेत. ‘युनियन बँक’ आणि ‘प्लँटर्स बँक’ या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या रोख्यांपोटी कुणीही मागणी घेऊन आलं, तरी ते देणं ‘किंवा तथाकथित देणं’ राज्यानं कधीही फेडायचं नाही. हे कलम आजही जागेवर आहे.

देणं बुडवणारे जगात पुष्कळ आहेत. फेडायचंच नाही, असं स्वतःच्या संविधानात लिहून ठेवणारे फार थोडे. मी या प्रकरणापर्यंत पोचले ती एका शब्दामुळे.

कायदेशीर कागदांचं इंग्रजीतून मराठीत भाषांतर करणं हा माझा रोजचा उद्योग. विम्याच्या पत्रांत ‘रिप्यूडिएट’ हा शब्द सारखा येतो. वर्षानुवर्षं मी तिथं ‘दावा नामंजूर’ लिहीत आले आणि पुढच्या ओळीकडे वळत आले. मग एके दिवशी एस.टी.तून निवृत्त झालेले एक काका असंच एक पत्र घेऊन आले. पत्नीच्या आयुर्विम्याचा दावा कंपनीनं ‘रिप्यूडिएट’ केला होता. प्रस्ताव भरताना जुना आजार लपवला, असं कारण दिलं होतं. मी केलेलं भाषांतर वाचून ते म्हणाले, “म्हणजे ताई, या खेपेला नामंजूर झालं. पुन्हा अर्ज केला की होईल ना? रजेचा अर्ज नामंजूर झाला की आम्ही दुसरा टाकायचो.”

चूक माझी होती. पत्रात ‘यावेळी नाही’ असं कुठंच नव्हतं. ‘या पॉलिसीखाली आम्ही तुमचं काहीच देणं लागत नाही’ असं पत्र म्हणत होतं. ‘देऊ शकत नाही’ आणि ‘देणं लागतच नाही’ या दोन वाक्यांत जे अंतर आहे, त्यात हा सगळा शब्द मावतो. ते अंतर मिसिसिपीत जितकं उघडं पडलं, तितकं मला दुसरीकडे दिसलेलं नाही.

घटस्फोटातून आलेला शब्द

शब्दाचं मूळ लॅटिन ‘रेपुदियुम’. रोममध्ये त्याचा पैशाशी संबंध नव्हता. लग्न किंवा ठरलेलं लग्न एका बाजूनं मोडणं म्हणजे रेपुदियुम. ‘दिवोर्तियुम’ हा शब्द फक्त लग्न झालेल्यांसाठी, तर रेपुदियुम वाग्दत्त वधूलाही लागू, असा भेद रोमन कायदेपंडित करत. मोडण्याचे शब्दही ठरलेले होते. बायकोला सांगायचं, ‘तुझ्या वस्तू तुझ्यापाशी ठेव.’ ठरलेलं लग्न मोडताना सांगायचं, ‘तुझी अट मला मान्य नाही.’ सम्राट ऑगस्टसच्या कायद्यानंतर अशा घोषणेला सात प्रौढ रोमन नागरिक साक्षीदार लागू लागले.

व्युत्पत्तीवर एकमत नाही. व्हेरियस फ्लॅकस या रोमन व्याकरणकारानं त्याचं नातं ‘लाज’ या अर्थाच्या धातूशी जोडलं : लाजिरवाण्या कारणासाठी केलेला त्याग. दुसरा पक्ष ‘पाय’ या अर्थाच्या शब्दाकडे बोट दाखवतो, म्हणजे लाथेनं दूर सारणं. मला दुसरं पटण्याजोगं वाटतं, पण पहिलं विसरवत नाही. कारण पुढे हा शब्द जिथं जिथं गेला तिथं लाज कुणाची, हा वाद त्याच्या पाठोपाठ गेला.

लग्नातून तो वारशात शिरला. रोममध्ये वारसाच्या वाट्याला घरदाराबरोबर कर्जंही येत, आणि ती मिळकतीहून जास्त असली तरी सुटका नव्हती. म्हणून परक्या, म्हणजे घराबाहेरच्या, वारसाला आधीच ‘हा वारसा मला नको’ म्हणण्याची मुभा होती. त्यालाही रेपुदियुमचंच क्रियापद. मिळालेल्या मालमत्तेपुरतीच कर्जाची जबाबदारी, ही सोय सम्राट जस्टिनियननं इ. स. ५३१ मध्ये केली. (आपल्याकडे मुंबई इलाख्यात बापाचं कर्ज मुलाच्या डोक्यावर येई, मग वारशात फुटकी कवडी मिळालेली नसली तरी. ते ओझं वारशाच्या मालमत्तेपुरतं मर्यादित झालं १८६६ च्या सातव्या कायद्यानं.)

इंग्रजीत सोळाव्या शतकात हा शब्द आला तो बायको टाकण्याच्याच अर्थानं. सरकारनं आपलं कर्ज झिडकारणं हा अर्थ त्याला चिकटला एकोणिसाव्या शतकात, अमेरिकेत. तो पक्का करणारं राज्य मिसिसिपी.

५० लाख डॉलर

१८३० मध्ये चॉक्टॉ आणि १८३२ मध्ये चिकसॉ या मूलनिवासी राष्ट्रांकडून करारांच्या नावाखाली मिसिसिपीतली अफाट जमीन काढून घेण्यात आली. तिथं कापूस लावायचा होता. जमिनीला पैसा हवा, आणि ती कसायला आणलेल्या गुलाम माणसांनाही विकत घ्यायला पैसा हवा. १८४० च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या ३,७५,६५१ होती आणि त्यातली १,९५,२११ माणसं गुलाम होती. पुढच्या सगळ्या हिशेबात हा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा लागतो, कारण ही माणसंच तारण होती.

१८३७ मध्ये बाजार कोसळला, कापसाचा भाव पडला, पैसा आटला. त्यावर उपाय म्हणून युनियन बँक निघाली. मळेवाल्यांनी जमीन आणि गुलाम गहाण टाकून बँकेचे भाग (शेअर) घ्यायचे. राज्यानं १ कोटी ५५ लाख डॉलरपर्यंत कर्जरोखे काढून बँकेला भांडवल उभं करून द्यायचं. मळेवाल्यांची गहाणखतं ही राज्याची हमी.

मिसिसिपीच्या १८३२ च्या संविधानात अशा कर्जासाठी एक शहाणपणाची अट होती. राज्याची पत गहाण टाकणारा कायदा एका विधिमंडळानं मंजूर करायचा, निवडणुकीआधी तीन महिने तीन वर्तमानपत्रांत छापायचा, मग नव्यानं निवडून आलेल्या विधिमंडळानं पुन्हा मंजूर करायचा. मतदारांना मधे विचार करायला वेळ मिळावा, हा हेतू. युनियन बँकेचा मूळ कायदा ही पायरी ओलांडून आला होता : १८३७ मध्ये एकदा, १८३८ च्या फेब्रुवारीत दुसऱ्यांदा. पण त्यानंतर काही दिवसांतच, १५ फेब्रुवारी १८३८ ला, एक पुरवणी कायदा आला. राज्यानंच बँकेचे ५०,००० भाग घ्यावेत आणि ५० लाख डॉलरचे रोखे त्यासाठी वापरावेत, असं त्यात होतं. नुसती पत देणारं राज्य आता भागीदार झालं. ही पुरवणी एकाच विधिमंडळानं मंजूर केली.

गव्हर्नर होते अलेक्झांडर मॅकनट. या पुरवणीला संमती त्यांनीच दिली. जून १८३८ मध्ये प्रत्येकी २,००० डॉलरच्या २,५०० रोख्यांवर सही त्यांनीच केली. ऑगस्टमध्ये ते सगळे रोखे फिलाडेल्फियाचे बँकर निकोलस बिडल यांनी घेतले. रक्कम रोख नव्हती, पाच हप्त्यांत मिळायची होती. बिडल यांच्या बँकेमार्फत रोखे युरोपात गेले. पैसे मिसिसिपीत आले आणि मुबलक वाटले गेले. कापसाच्या गाठींवर उचल दिली गेली, भाव आणखी पडले, उचल बुडाली. दोन-अडीच वर्षांत बँक संपली. १८४१ च्या फेब्रुवारीत बिडल यांची बँकही बसली.

नकाराची भाषा

जानेवारी १८४१ च्या अभिभाषणात मॅकनट यांनी रोखे नाकारण्याची सूचना केली. विधिमंडळानं तेव्हा ती मानली नाही. उलट राज्य या रोख्यांना बांधील आहे, असा ठराव केला. मॅकनट थांबले नाहीत. युरोपातल्या रॉथशिल्ड या सावकार घराण्याच्या ज्यू असण्यावरून अत्यंत विषारी भाषा वापरून त्यांनी लोकांना चेतवलं. मला या प्रकरणातला हा भाग सर्वांत हीन वाटतो. कायद्याचा मुद्दा हाती असताना त्यांनी द्वेषाचा आधार घेतला. ॲम्स्टरडॅमच्या होप आणि कंपनी या पेढीनं थकलेल्या व्याजाबद्दल विचारलं, तेव्हा जुलैमध्ये त्यांनी उत्तर पाठवलं : जून १८३८ च्या या ५० लाखांतलं मुद्दल किंवा व्याज मिसिसिपी कधीच देणार नाही.

‘सध्या अडचण आहे’ किंवा ‘मुदत द्या’ असं त्या उत्तरात नव्हतं. नकारामागची कारणं अशी होती : पुरवणी कायदा घटनाबाह्य, कारण तो दुसऱ्या विधिमंडळापुढे गेलाच नाही. विक्री बेकायदा, कारण दर्शनी किमतीखाली, म्हणजे रोख्यावर लिहिलेल्या रकमेहून कमीत, विकायला बंदी होती आणि हप्त्यांनी पैसे घेणं म्हणजे किंमत कमी करणंच. खरेदीही बेकायदा, कारण बिडल यांच्या बँकेला असा व्यवहार करण्याचा अधिकार नव्हता. तेव्हा करार झालाच नाही, आणि जो झाला नाही तो मोडण्याचा प्रश्नच नाही.

नोव्हेंबर १८४१ ची निवडणूक याच प्रश्नावर लढली गेली. एका बाजूला रोखे फेडणारे, दुसऱ्या बाजूला न फेडणारे, आणि लोकांच्या तोंडी पक्षांची नावंही तीच झाली. न फेडणाऱ्यांचे टिलमन टकर निवडून आले. १८४२ च्या फेब्रुवारीत विधिमंडळानं रोखे नाकारले.

न फेडणाऱ्यांचा एक मुद्दा मला खोडता येत नाही. बँकेचं कर्ज मोठ्या मळेवाल्यांनी उचललं होतं. ते फेडायला कर बसणार होता तो त्या बँकेची पायरी न चढलेल्या छोट्या शेतकऱ्यांवरही. शिवाय मतदारांना विचारण्याची अट खरोखरच टाळली गेली होती. पण ती टाळणारा गव्हर्नर आणि ती टाळली म्हणून रोखे नाकारणारा गव्हर्नर एकच, हे कसं विसरायचं? रोखे विकत घेणाऱ्यानं त्यांच्यावर राज्याचा शिक्का पाहिला, गव्हर्नरची सही पाहिली. आपल्याच चुकीवर बोट ठेवून आपलीच सही नाकारायची, हे मिसिसिपीनं केलं. आणि ज्यांच्या देहांवर ही सगळी पत उभी होती, त्या १,९५,२११ माणसांना मत नव्हतं. वादात त्यांचा उल्लेख आला तो गहाण मालमत्ता म्हणून.

त्या दोन वर्षांत थकबाकीत गेलेली मिसिसिपी एकटी नव्हती. आठ राज्यं आणि फ्लोरिडाचा प्रदेश यांनी व्याज थांबवलं होतं. पेनसिल्व्हेनियानं १८४२ मध्ये थांबवलं, तेव्हा तिथं पैसे गुंतवलेल्या सिडनी स्मिथ या इंग्रज धर्मगुरूनं १८४३ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या नावानं अर्ज छापून राज्याचे वाभाडे काढले. पण पेनसिल्व्हेनियानं देणं कधी नाकारलं नव्हतं. १८४५ मध्ये व्याज पुन्हा सुरू झालं. लंडनच्या सावकारांना हा फरक नीट कळत होता. थकलेल्या राज्याला ते पुढे पुन्हा कर्ज देत. नाकारणाऱ्याला दार बंद.

दुसरं कर्ज

मिसिसिपीचं खरं अंतरंग मला दिसतं ते प्लँटर्स बँकेच्या रोख्यांत. हे २० लाख डॉलरचे रोखे १८३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतले. त्यांच्यात घटनेचा दोष नव्हता, विक्रीचा वाद नव्हता. युनियन बँकेविरुद्ध लढणाऱ्यांपैकी अनेकांनी तेव्हा आवर्जून सांगितलं होतं की हे दुसरं कर्ज आम्ही मानतो. मग १८५२ मध्ये ते फेडण्यासाठी कर बसवावा का, हा प्रश्न थेट मतदारांपुढे ठेवला गेला. मतदारांनी नाही म्हटलं. एकदा ‘देणं लागत नाही’ म्हणायची सवय लागली की पुढच्या वेळी कारणही शोधावं लागत नाही.

पुढच्याच वर्षी, १८५३ मध्ये, युनियन बँकेच्या एका रोख्याचा खटला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. न्यायालयानं मॅकनट यांचे सगळे आक्षेप फेटाळले. पुरवणी घटनेला धरून होती, विक्री वैध होती, राज्य बांधील होतं. रोखेधारक जिंकला, पण त्याच्या हाती पैसा पडला नाही. निकालाची रक्कम विधिमंडळानं मंजूर करायची होती, आणि विधिमंडळानं ती केली नाही. न्यायालय सांगू शकत होतं, तिजोरी उघडू शकत नव्हतं.

अमेरिकेच्या यादवी युद्धात हे भूत पुन्हा उठलं. फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस मिसिसिपीचे. उत्तरेनं १८६३ मध्ये रॉबर्ट वॉकर यांना, मिसिसिपीच्याच माजी सिनेटरना, लंडनला पाठवलं. डेव्हिस हा कर्ज नाकारणारा माणूस आहे, याच्या सरकारला पैसे देऊ नका, असा प्रचार त्यांनी पत्रकं छापून केला. वास्तविक १८४२ च्या ठरावाच्या वेळी डेव्हिस राजकारणात उतरलेही नव्हते. पण १८४९ मध्ये त्यांनी राज्याची बाजू जाहीरपणे मांडली होती, तेवढं पुरलं.

१८७५-७६ मध्ये हे रोखे फेडण्यावरची बंदी घटनादुरुस्तीनं पक्की झाली आणि १८९० च्या संविधानात २५८ वं कलम म्हणून बसली. शेवटचा प्रयत्न सगळ्यात अनोखा होता. १७९५ च्या अकराव्या घटनादुरुस्तीमुळे परदेशी नागरिकाला अमेरिकेतल्या राज्यावर संघीय न्यायालयात दावा लावता येत नाही. पण परदेशी राष्ट्राचं काय, याबद्दल ती दुरुस्ती काही बोलत नाही. म्हणून १९३३ मध्ये रोखेधारकांनी आपले काही रोखे चक्क मोनॅको या चिमुकल्या संस्थानाला दान केले, आणि मोनॅकोनं मिसिसिपीवर दावा लावण्याची परवानगी मागितली. १९३४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सरन्यायाधीश ह्यूज यांच्या निकालपत्रातून ती नाकारली : राज्याच्या संमतीशिवाय परदेशी राष्ट्रालाही दावा लावता येणार नाही. देणं खरं की खोटं, हा मुद्दा न्यायालयानं हाताळलाच नाही.

मराठीत काय म्हणायचं

आपल्याकडे न देणाऱ्यासाठी शब्दांचा तोटा नाही. हात वर केले, काखा वर केल्या, तोंडाला पानं पुसली, पैसे बुडवले. पण हे शब्द तपासून पाहिले की बहुतेक ‘नाही देत’ किंवा ‘नाही देऊ शकत’ इथंच थांबतात. ‘दिवाळं’ तर उघडच हतबलतेचा शब्द आहे. १८०८ मध्ये मुंबईत छापलेल्या गुजराती-मराठी-इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकात ड्रमंड यांनी त्याचा संबंध दिव्याशी जोडलेला आहे. पेढी बुडत आली की व्यापारी घरात किंवा दुकानात मोठा दिवा लावून ठेवी आणि हिशेब समोर येऊन सावकारांचं समाधान होईपर्यंत काही काळ दूर राही. ही व्युत्पत्ती सर्वमान्य नाही. पण त्या चालीत एक गोष्ट स्पष्ट आहे : दिवा लावणारा देणं मान्य करतो, त्याच्याकडे द्यायला नाही एवढंच. मिसिसिपीनं दिवा लावला नव्हता.

रेपुदियुमचा घटस्फोट डोक्यात होता म्हणून मी आधी ‘काडीमोड’ आणि ‘सोडचिठ्ठी’ यांच्याकडे वळले. काडीमोड हा अस्सल शब्द, पण त्यात नातं होतं हे गृहीत आहे. काडी असल्याशिवाय मोडणार काय? विमा कंपनीचं पत्र तर नातं बांधलंच गेलं नाही म्हणत होतं.

मग सापडला तो शब्द माझ्याच रोजच्या कागदांत पडून होता. नाकबूल. ‘वादीचे म्हणणे नाकबूल आहे’ हे वाक्य मी किती कैफियतींत टंकलं असेल, गणती नाही. मुळातला ‘कबूल’ अरबी. प्रस्ताव आणि स्वीकार या जोडीतला हा स्वीकार. सौदा त्यानं ठरतो आणि निकाहही त्यानंच ठरतो. रोमन शब्दाप्रमाणे एक पाय लग्नात, दुसरा बाजारात. आणि ‘नाकबूल’ म्हणणारा गरिबी सांगत नाही. तो म्हणतो, मी बांधला गेलेलोच नाही. मिसिसिपीनं कर्ज नाकबूल केलं, हे वाक्य मला कुठंही अडखळत नाही.

भारतीय करार कायद्याचं, १८७२ च्या कायद्याचं, ३९ वं कलम समोरच्याला इथं एक निवड देतं. एका पक्षानं वचन संपूर्णपणे पाळायला नकार दिला, तर दुसरा पक्ष करार संपवू शकतो. पण करार चालू राहू द्यायला त्यानं शब्दानं किंवा वागण्यानं संमती दिली असेल, तर ती वाट बंद होते. म्हणजे आलेला नकार कोणत्या जातीचा आहे, हे वेळेत ओळखणं भाग आहे.

मी काकांना पुन्हा बोलावलं आणि पत्र नव्यानं वाचून दाखवलं : ‘सदर पॉलिसीखालील आपले दायित्व कंपनीला नाकबूल आहे.’

ते बराच वेळ गप्प होते. “म्हणजे हिचा विमा नव्हताच म्हणतात?”

“ते तसं म्हणतात, काका. तसं आहे का, हे अजून कुणी ठरवलेलं नाही.”

मी त्यांना विमा लोकपालांविषयी सांगितलं. कंपनीकडे आधी लेखी तक्रार करायची, समाधान झालं नाही तर अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत तिकडे जायचं. मग विमा कायद्याचं ४५ वं कलम काढून दाखवलं. आयुर्विम्याची पॉलिसी तीन वर्षं उलटल्यावर कोणत्याही कारणावरून वादात ओढता येत नाही, आजार लपवल्याच्या कारणावरूनही नाही. पॉलिसी मधे बंद पडून पुन्हा चालू केली असेल, तर मात्र तीन वर्षं त्या तारखेपासून मोजतात.

“पॉलिसी कधी काढली होती?”

“चार वर्षं झाली. चार वर्षं दोन महिने.”

“मधे कधी हप्ता चुकला होता?”

त्यांना आठवेना. हप्ते काकूच भरायच्या. पावत्या कपाटातल्या बिस्किटाच्या डब्यात असतील म्हणाले, आणि ते शोधायला घरी गेले.